ध्रुवाच्या आड येणारी फांदी

वरचीवाडी, ता. गुहागर, जि. रत्नागिरी
१७ नोव्हेंबर २०२५

प्रति,
श्री. विठ्ठल सोनू पाष्टे, झाडमालक,
मुक्काम डोंबिवली.

विषय : शेप्या आंब्याची एक फांदी तोडण्यास परवानगी मिळणेबाबत.

महोदय,

'दादा' असं लिहिणार होते. पण अकरा वर्षांनी पहिलं पत्र, त्यात सुरुवातीलाच दादा लिहिलं तर तू म्हणशील, आली गळ्यात पडायला. म्हणून अर्जच करते. पोस्टात बसून बसून माझी भाषाही तशीच झाली आहे.

बाबांनी वाटण्या केल्या तेव्हा हे घर आणि खळं मला दिलं, डोंबिवलीची खोली तुला दिली. आणि खळ्याच्या ईशान्य कोपऱ्यात दगडी गडग्याला लागून जो शेप्या आंबा उभा आहे, तोही तुलाच दिला. जमीन माझी, झाड तुझं. मुंबईच्या माणसाला हे सांगितलं तर तो वेड्यात काढील, पण आपल्याकडे घरोघरी अशीच तऱ्हा. सातबाऱ्यावर इतर हक्कांत तुझं नाव अजून ठसठशीत आहे, मुद्दाम बघून आले. तुझ्या झाडाचा पातेरा माझ्या खळ्यात पडतो, तो मी झाडते. तुझे शेपूच्या वासाचे आंबे पडतात, ते शेजारच्या हौसाकाकीकडची पोरं नेतात. मी अकरा वर्षांत एकही तोंडात घातलेला नाही, हे आपल्या माहितीसाठी.

आता फांदीचं. मी दुर्बीण घेतली आहे. हसू नकोस. अंजनवेलच्या कंपनीतल्या एका साहेबांची बदली झाली. त्यांनी दोन हिवाळे मला शिकवलं आणि जाताना दुर्बीण, तिची तिपाई, कॅमेरा सगळं माझ्या हवाली करून गेले. पोस्टाचं काम उरकलं, जेवण झालं, की मी खळ्यात उभी राहून आकाशाचे फोटो काढते. वय वर्षं अठ्ठावन्न.

पृथ्वी फिरते हे आपण शाळेत घोकलं होतं. दुर्बिणीला डोळा लावला की ते खरं वाटतं, कारण तारा अर्ध्या मिनिटात निसटून जातो. म्हणून तिच्याखाली एक मोटर असते, ती ताऱ्याच्या मागोमाग दुर्बीण फिरवते. पण त्यासाठी मोटरचा आस नेमका ध्रुवाकडे रोखावा लागतो. तो जरा चुकला की फोटोतला तारा तांदळाच्या दाण्यासारखा लांबट येतो. उत्तरेकडच्या लोकांना ध्रुव चांगला उंचावर मिळतो. आपल्याकडे हात लांब करून मुठी मोजल्या तर जेमतेम पावणेदोन मुठी वर. आणि बरोब्बर तिथे तुझ्या झाडाची फांदी आडवी आलेली आहे.

दुसरी जागा नाही. दक्षिणेला घर, पश्चिमेला हौसाकाकीचे माड. वर सड्याच्या कातळावर उघडं आहे, पण तिथे बिबट्या फिरतो आणि माझा गुडघा मला चढू देत नाही.

तरी एक फांदी तोडण्यास परवानगी मिळावी. सोबत माझा पत्ता लिहिलेलं कार्ड जोडलं आहे. हो किंवा नाही, एवढंच लिहावं.

आपली,
राजश्री
(शाखा डाकपाल)


वरचीवाडी
९ डिसेंबर २०२५

स्मरणपत्र क्रमांक १

दादा,

(महोदय लिहिताना मागच्या वेळी हात अवघडला, म्हणून.)

तुझं कार्ड आलं नाही. टपाल गहाळ झालं असं म्हणायची मला सोय नाही, कारण माझ्याच हाताने शिक्का मारून माझ्याच हाताने पिशवीत घातलं होतं. म्हणजे तू वाचलंस आणि गप्प बसलास. तुझी जुनीच रीत.

पण इकडची बातमी तुला लागली असणारच. वाडीच्या मुंबई मंडळाच्या ग्रुपवर दोन दिवस दुसरं काही चाललं नव्हतं म्हणे : राजीच्या खळ्यात राखणदार दिसला! तर त्यातलं खरं काय ते ऐक. तिथे बसून भलतंच काही पसरवू नका.

अमावस्येची रात्र होती. अंधाराला डोळे सरावायला अर्धा तास लागतो आणि पांढरी बॅटरी एकदा लावली की सगळं पाण्यात. म्हणून मी बॅटरीला लाल जिलेटीनचा कागद बांधला आहे. थंडी होती, डोक्यावरून घोंगडी घेतली होती. फोटो चालू असताना पाय आपटायचे नाहीत, तिपाई हलते. त्यामुळे मी खळ्यात मुकाट उभी, अंगावर घोंगडी, हातात लाल दिवा. अकराच्या सुमारास हौसाकाकी मागीलदारी आली असावी. मला काही पत्ता नाही.

सकाळी देवदिवाळी. खळ्यात येऊन बघते तर तिपाईच्या तीन पायांचे ठसे होते तिथे नारळ, जास्वंद आणि विडा! मी काकीला हाक मारली.

"काकी, हे कुणी ठेवलं?"

"हळू बोल गो बाय," ती गडग्यापलीकडून म्हणाली. "रातच्याला तुज्या खल्यात राखणदार उभा व्हता. घोंगडी पांगरून. लाल दिवा घेवन. मी आपली दाराला कडी लावली नि हात जोडले."

"काकी, ती मी होते."

ती माझ्याकडे बघतच राहिली. खालून वर, वरून खाली. मग हात पुढे केला. "मंग माजा नारल दे परत."

दिला. मी इतकी हसले, दादा, की गडग्यालाच टेकून बसले. एकटं राहून राहून असं हसायची सवय मोडली होती.

त्याच रात्री तिला बोलावलं. शनी दाखवते म्हटल्यावर दोन पावलं मागे सरली. "त्याला कशाला बगायचा? मंग तो बगंल ना आपल्याकडं!" मग कृत्तिका दाखवल्या. नुसत्या डोळ्यांनी तिला सहासुद्धा दिसत नाहीत, दुर्बिणीतून पन्नास-साठ दिसल्या. बराच वेळ डोळा लावून उभी होती. "एवडी हायत व्हय," एवढंच म्हणाली आणि घरी गेली. आता रोज विचारते, आज कोन दाखवतस?

आमचा दुसरा शत्रू म्हणजे दंव. दहा वाजून गेले की दुर्बिणीच्या काचेवर धुकं धरतं आणि सगळे तारे एका मिनिटात विझतात. साहेबांकडे त्यासाठी विजेवर तापणारा पट्टा होता, तो तेवढा ते घेऊन गेले. मी आईचा उपाय केला. आपले कान दुखायचे तेव्हा ती तव्यावर तांदूळ गरम करून जुन्या लुगड्याच्या फडक्यात पुरचुंडी बांधायची, तशी बांधली आणि दुर्बिणीच्या तोंडाभोवती लपेटली. दोन तास काच कोरडी! साहेबांना फोन करून सांगितलं तर ते म्हणाले, बाई, हे मी वहीत लिहून ठेवतो.

हे सगळं तुला कशाला सांगते आहे, कळत नाही. अर्ज फांदीचा आहे.

आणि एक. २०१४ साली तुला लिहिलेलं माझं पत्र अजून ठेवलं असशील तर जाळून टाक. त्यातलं सगळं मागे घेते असं नाही, तेव्हा मला खरोखरच राग आला होता. पण शेवटची ओळ जाळ.

उत्तराची वाट पाहते. कार्ड हरवलं असेल तर दुसरं जोडलं आहे.

राजश्री


वरचीवाडी
३० डिसेंबर २०२५

दादा,

कार्ड आलं. पिशवी मीच उघडते, त्यामुळे इतर पत्रांमध्ये तुझं अक्षर आधी मलाच दिसलं. पोस्टात चारजण उभे होते. मी कार्ड उलटं करून शिक्क्याखाली ठेवलं आणि सगळे गेल्यावर वाचलं.

'फांदी तोड. बावीकडून ध्रुव दिसतो. विठू.'

मेल्या, एवढ्यात पकडलंस!

हो, दिसतो. आपल्या बावीच्या कट्ट्याशेजारी, पाण्याच्या रहाटापाशी उभं राहिलं की उत्तर मोकळी आहे, हे मला पहिल्या हिवाळ्यापासून माहीत आहे. जागा उतरती आहे, पण तिपाईखाली दोन चिरे सरकवले आणि घरातून लांब वायर ओढली की भागतं. दोन वर्षं मी तिथूनच फोटो काढते. अमावस्येला खळ्याच्या मध्ये उभी होते ती मुद्दाम, फांदी किती आड येते ते मोजायला. अर्जात सगळंच खोटं राहायला नको म्हणून अर्ज टाकल्यावर का होईना, मोजमाप तरी खरं करून ठेवलं! बघ कशी मी.

मला फांदी नको होती. तुला लिहायला कारण हवं होतं. नुसतं 'कसा आहेस' असं लिहायचं तर त्याच्या आधी बरंच काही लिहावं लागतं, आणि ते चार वर्षं जमलं नाही. आता सापडलेच आहे तर लिहून टाकते. मध्ये थांबले तर पुन्हा जमणार नाही.

गणपतीपुळ्याकडे लॉज असलेला तो माणूस इथे आला होता, त्याला घर आणि खळं हवं होतं. ह्यांनी होकार दिला होता. चिपळूणला फ्लॅट घेऊ, लिफ्ट असेल, बाजार जवळ, असं रोज चाललं होतं, आणि मलाही ते पटलं होतं, हे खरं. सगळं ठरलं आणि झाडावर अडलं. झाडमालकाची सही पाहिजे. तू आलास, खळ्यात दहा मिनिटं उभा राहिलास, सही देत नाही म्हणालास आणि चहा न घेता निघून गेलास. का, ते सांगितलं नाहीस. हे संतापले ते संतापलेच, पण मी त्यांच्यावर कडी केली. तुला पत्र लिहिलं. तू आमच्या पोटावर उठलास, इथपर्यंत लिहिलं. आणि शेवटी लिहिलं की ह्या आंब्याची लाकडं तुझ्याच सरणाला लागोत.

सख्ख्या भावाला. माझ्या हाताने. शिक्का मारून.

आणि मग २०२१ चा जुलै. चिपळुणात पूर, रस्ते बंद, चार दिवस वीज नाही, आणि हे गेले. वाडीतली वाळकी लाकडं सगळी भिजलेली. आंबा तोडायचा म्हणजे जवळचा तुझा. मी आत बसले होते, मला काही कळत नव्हतं, पण ओटीवर पुरुषमाणसं हळू आवाजात बोलत होती ते ऐकू येत होतं : झाड विठूचं आहे, त्याला न विचारता कुऱ्हाड कशी लावायची? कुणीतरी सड्यावर जाऊन रेंज धरली आणि तुला फोन लावला. परत येऊन तो काय म्हणाला ते मला अक्षरशः पाठ आहे. "विठू म्हणतो, हवी ती फांदी तोडा. अख्खं झाड तोडा. पण राजीला थांबवून ठेवू नका."

पूर्वेकडची मोठी फांदी तोडली. त्या लाकडांनी ह्यांचं झालं.

तू ह्यांच्याशी सात वर्षं बोलला नव्हतास. मी तुझ्या मरणाची भाषा केली होती. आणि तू एका शब्दाने विचारलं नाहीस. त्याचे आभार मी मानले नाहीत, दादा. तेराव्याला तुझा फोन आला तो मी हौसाकाकीला घ्यायला सांगितला. मला बोलताच आलं नसतं, लाज वाटत होती. मग लाजेचा राग झाला, आणि राग धरून ठेवायला सोपा असतो.

आता मानते. उशीर झाला आहे. त्या फांदीचे आभार.

राजी


वरचीवाडी
१९ जानेवारी २०२६

दादा,

तुझं उत्तर नाही, आणि मी मागितलंही नव्हतं. ह्या वेळी मोठं पाकीट आहे, आत फोटो आहे. आधी पत्र वाच, मग फोटो काढ. तू नेहमी उलटं करतोस.

मागच्या पत्रात एक गोष्ट राहिली. हे गेल्यावर मला झोप यायची नाही. दिवाळी उलटल्यावर पाऊस पुरता गेला, आकाश धुऊन निघालं, तेव्हा रात्री मी ओटीवर येऊन बसायची. समोर पूर्वेला जिथे वर्षानुवर्षं तुझ्या झाडाचा काळा ढीग असायचा तिथे मोठी फट पडली होती. तोडलेल्या फांदीची. त्या फटीतून एका रात्री तीन तारे ओळीने वर आले. मृगाचा बाण. लहानपणी तूच दाखवला होतास, पण मग संसारात कुठे वर बघणं झालं! मी रोज त्याची वाट बघू लागले. रोज चार मिनिटं आधी यायचा. तो येईपर्यंत जागायचं, आला की झोपायचं, असा तो हिवाळा मी काढला. त्याच्या पुढच्या वर्षी साहेब पोस्टात आले, बोलता बोलता ताऱ्यांचा विषय निघाला आणि मला दुर्बीण मिळाली.

म्हणजे हे माझं सगळं वेड त्या फटीतून आत आलेलं आहे. तू सही दिली असतीस तर आज इथे तीन मजल्यांचं लॉज असतं, दारात फोकस असते, आणि मी चिपळूणला चौथ्या मजल्यावर एकटी टीव्ही बघत बसले असते. ह्यांच्यामागे तिथे मला कोण होतं? हे मला ह्यांच्या वर्षश्राद्धापर्यंत कळून चुकलं होतं. तुला सांगायला आणखी तीन वर्षं घेतली.

आता कालच्या रात्रीचं.

काल अमावस्या, रविवार. मी ठरवलं होतं की ह्या वेळी दुर्बीण नाही, नुसता कॅमेरा तिपाईवर लावायचा आणि उत्तरेकडे रोखून साडेतीन तास सोडून द्यायचा. अर्ध्या अर्ध्या मिनिटाचे फोटो, एकामागून एक, चारशे. मग ते लॅपटॉपवर एकावर एक रचले की तारे जसे फिरले तशा रेघा उमटतात. पण साडेतीन तास उजेड नको. रस्त्याच्या खांबावरचा दिवा आहे, लोकांच्या पडवीतले दिवे आहेत. मी हौसाकाकीपाशी नुसतं बोलून गेले.

काकी संध्याकाळी काठी टेकत घरोघरी गेली. वाडीत उघडी घरंच पाच. काय सांगितलं कोण जाणे, पण साडेआठला एकेक करून पाचही घरांतले दिवे गेले. खांबावरचासुद्धा गेला, तो कुणी घालवला ते मी विचारलं नाही आणि तूही ग्रुपवर विचारू नकोस. मी खळ्यात उभी होते. अंधार झाला, आणि डोक्यावर एवढं आकाश उघडलं की मला रडूच आलं. पाच घरं माझ्यासाठी अंधारात बसली होती रे! ह्या वाडीत माझं कुणी नाही असं मी चार वर्षं मनात म्हणत होते.

काकी येऊन माझ्या शेजारी खुर्चीवर बसली. गरम तांदळाची पुरचुंडी तिनेच करून आणली होती. एक कॅमेऱ्याला, एक स्वतःच्या गुडघ्याला.

"कुटचा फोटू काडतस?" तिने विचारलं.

"ध्रुवाचा."

"मंग हितं कशाला लावलायस? हितं विठूची फांदी आड येते. बावीकडं जा की!"

बघ. तिलाही माहीत होतं. ह्या गावात कुणाला फसवायची सोय नाही.

"फांदीच हवी आहे, काकी," मी म्हटलं.

तिने पुरचुंडी दुसऱ्या गुडघ्यावर सरकवली. मग म्हणाली, "तुजा भाव यायचा ना, तवा पयला त्या झाडाला हात लावायचा. मंग घरात." मला हे माहीत नव्हतं. मी नेहमी आत चुलीपाशी असायची.

आता फोटो काढ.

मध्ये काळी दिसते ती तुझी फांदी. झाडाला औंदा मोहोर चांगला आला आहे. मी लाल बॅटरी क्षणभर त्याच्यावरून फिरवली, म्हणून तो तसा तांबूस दिसतो. ध्रुव फांदीच्या मागे आहे, दिसणार नाही, शोधू नकोस. बाकी सगळ्या ताऱ्यांच्या रेघा तिच्याभोवती गोल गेलेल्या आहेत, खालच्या डोंगराआड. डावीकडे जी एक सरळ रेघ आहे ते दुबईचं विमान असावं, ती मी पुसली नाही. उजव्या कोपऱ्यातला फिकट उजेड चिपळूणच्या बाजूचा.

चारशेतले नऊ फोटो टाकून द्यावे लागले, कारण मध्येच काकीला शिंक आली आणि तिने खुर्चीसकट तिपाईला धक्का दिला. तरी चांगला आला आहे. साहेबांना पाठवला, त्यांनी विचारलं, फांदी का नाही तोडली? मी सांगितलं, झाड भावाचं आहे.

फांदी तोडलेली नाही. तोडणारही नाही. परवानगी दिलीस त्याबद्दल आभारी आहे.

तू बरा आहेस ना? वहिनीचे पाय कसे आहेत? हे दोन प्रश्न विचारायला मला चार पत्रं लागली.

राजी


वरचीवाडी
२४ फेब्रुवारी २०२६

दादा,

काल तुझं जाड पाकीट आलं. स्पीड पोस्ट. पोचल्याची सही माझीच आणि घेणारीही मीच, असा सगळा विनोद झाला.

मला वाटलं फोटोबद्दल काही असेल. पोस्टात उघडलं नाही, घरी आणलं, हातपाय धुतले, मग उघडलं. आत स्टँपपेपर. शेप्या आंब्यावरचा माझा हक्क मी राजीखुशीने माझी बहीण राजश्री हिला देत आहे, वगैरे. तुझी सही, वहिनीची सही, दोन साक्षीदार. माझ्या सहीला जागा कोरी. आणि पेन्सिलीने खुणा, इथे कर, इथे कर, जशी मी अडाणी!

सोबत तुझी चिठ्ठी. ती मी इतक्यांदा वाचली की घड्यांवर फाटायला आली आहे. म्हणून इथे उतरवून ठेवते.

'राजी, झाड बाबांनी दिलं नव्हतं, मी मागून घेतलं होतं. तुझ्या नवऱ्याचं मन इथे नव्हतं, मला दिसत होतं. झाड माझं असलं तर खळं सहज विकलं जाणार नाही, एवढाच हिशेब. तेव्हा हे तुला सांगितलं असतं तर तुमच्या दोघांत भांडण लागलं असतं, म्हणून गप्प बसलो. फोटो भिंतीवर लावला आहे. आता झाडाची जरूर नाही, तुझं तुझ्या नावावर करून घे. मला आता प्रवास झेपत नाही, गावात माझं दुसरं काही नाही. पुढे एखादी फांदी तोडायची झाली तर तुला कुणाला विचारायला नको. विठू.'

मी वाचलं आणि बाहेर खळ्यात जाऊन उभी राहिले. काकी गडग्यापलीकडून विचारत होती, काय झाला गो, कोन गेला काय? मी हातानेच नाही म्हटलं. दादा, इतकी वर्षं मला वाटत होतं, माझ्या दारातलं झाड स्वतःकडे राखून तू माझ्यावर नजर ठेवलीस. तू तर माझ्या दारात उभा होतास. आणि मी तुला काय काय बोलले! शेवटची ओळ जाळलीस की नाही, ते तू अजून लिहिलेलं नाहीस. नसशील जाळली तर आज जाळ. माझ्यासमोर जाळायची असेल तर घेऊन ये.

प्रवास झेपत नाही म्हणतोस. बसायला खुर्ची, गरम पाणी, मऊ भात, सगळं इथे आहे. चिपळूण स्टेशनावर मी स्वतः गाडी घेऊन येईन. ते जमत नसेल तर मी डोंबिवलीला येते. तुझ्या दारात उभी राहीन, आत घे नाहीतर नको घेऊ.

आता कागदाचं. तो ह्याच पाकिटात परत पाठवते आहे. पेन्सिलीच्या खुणांवर मी सही केलेली नाही आणि करणार नाही. सातबाऱ्यावर तुझं नाव आहे तिथेच राहील. रागाव, हवं तर वहिनीला सांग, राजी अजून तशीच आडमुठी आहे. पण गावात तुझं जे एकच काही आहे ते मी माझ्या नावावर करून घेऊ, आणि मग तू तिकडे मोकळा, मी इकडे मोकळी? असं नाही चालायचं.

तू लिहिलंस, पुढे कुणाला विचारायला नको. ह्यांच्यामागे चार वर्षं मी कुणालाच काही विचारलेलं नाही, दादा. घराला रंग कुठला द्यायचा, ताप आला तर डॉक्टरकडे जायचं की थांबायचं, रात्री दाराला कडी एक लावायची की दोन. सगळं माझं मीच ठरवते.

मला विचारायला कुणीतरी हवं आहे.

राजी